तो नव्हे, ती

दिवस पहिला
सकाळी सापाच्या टाकीचं झाकण उघडलं आणि हात तिथेच थांबला. कात टाकायला सोपं जावं म्हणून ठेवलेल्या डब्यात, ओल्या शेवाळावर चौदा अंडी! लांबट, पांढरी, एकमेकांना घट्ट चिकटलेली. माझा कॉर्न स्नेक, हा पाळलेला बिनविषारी साप, ज्याला पाच महिने मी 'तो' म्हणत आले, तो आज 'ती' झाला. मला नर म्हणूनच दिला होता. इथे दुसरा साप कधीच नव्हता, पण इथे येण्याआधी ती नराबरोबर राहिली असणार. मादीच्या शरीरात नराचं बीज महिनोन्महिने टिकून राहतं.

आता मागचं उलगडतंय. उंदराला तोंड लावत नव्हती, दहा-बारा दिवसांपूर्वी कात टाकली, मग रात्रभर येरझाऱ्या. मी आजारपण समजत राहिले. फार चुटपुट लागली.

कोंबडीचं अंडं फिरवतात, सापाचं मात्र फिरवायचं नसतं. गर्भ लवकरच कवचाला आतून वरच्या बाजूला चिकटतो; नंतर अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. म्हणून आधी प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका काढला, मग अख्खा गठ्ठा तसाच उचलून ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये, म्हणजे ओल धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या भुशात, अर्धा रुतवला. ओल किती? मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पाणी टपकू नये. थर्मोस्टॅट २८ अंशांवर.

दिवस तिसरा
ती केवढी खंगलीय! पाठीचा कणा हाताला लागतो, कातडी सैल पडलीय. छोटा उंदीर दिला, लगेच गिळला. अंड्यांकडे ती पुन्हा फिरकणार नाही. अजगराची मादी वेटोळं घालून बसते, हिच्या जातीत ते नाही. म्हणजे आता सगळं माझ्यावर.

दिवस नववा
खोलीत अंधार करून अंड्याला टॉर्च लावला. आतून गुलाबी उजेड, आणि त्यात केसासारख्या बारीक लाल शिरा. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. बारा अंड्यांत शिरा दिसल्या. दोन पिवळट, आत काहीच नाही.

दिवस एकविसावा
त्या दोघांवर बुरशी. एक अलगद सुटलं, दुसरं सुटेना. ओढलं तर शेजारच्याचं कवच फाटेल, म्हणून राहू दिलं. जिवंत अंडी सहसा तग धरतात, असा धीर स्वतःला देतेय.

दिवस चव्वेचाळिसावा
अंडी खपाटीला गेल्यासारखी दिसली. जीव घाबरला. डब्याच्या कडेने थोडं कोमट पाणी सोडलं, अंड्यांवर थेंबही पडू न देता. संध्याकाळपर्यंत खळगे जरा भरले.

दिवस साठावा
चीर! पहाटे एका अंड्यावर ब्लेडने कापावी तशी बारीक चीर, आणि तिच्यातून इवलंसं नाक. तोंडाच्या टोकावरच्या तात्पुरत्या दाताने पिल्लू कवच कापतं. दुपारपर्यंत आणखी सात. मी जवळ गेले की डोकी आत जातात, दूर झाले की पुन्हा बाहेर. हात शिवशिवतात, पण मदत करायची नाही. उरलेला बलक पोटात ओढून घेईपर्यंत ती दिवस-दोन दिवस आतच थांबतात. घाईने बाहेर काढलं तर जिवावर बेतेल.

दिवस त्रेसष्ठावा
अकरा बाहेर आली. पेन्सिलीएवढी जाड, पाठीवर गडद तांबडे ठिपके. प्रत्येकाला वेगळा डबा, ओला कागद, प्यायला झाकणात पाणी. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, खायला काही द्यायचं नाही.

बाराव्या अंड्यावर अजून चीर नाही. ठिपका वरच आहे. थर्मोस्टॅट चालूच ठेवलाय.