आकाशातून जुना फड कसा ओळखायचा

नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम नद्यांच्या खोऱ्यात फड पद्धतीच्या, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर गावाने मिळून शेती भिजवण्याच्या जुन्या पद्धतीच्या, खुणा उपग्रहाच्या चित्रांत शोधायच्या असतील तर आधी बंधारा शोधा. नदीला आडवी गेलेली बारीक रेषा दिसली की तिच्या टोकापासून पाटाचा माग काढायचा. पाट चढ-उताराच्या कडेने वळत जातो, सरळ जात नाही. त्याच्या आणि नदीच्या मधला, पाटाच्या पाण्यावर भिजणारा पट्टा म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पडतात आणि एका फडात एका हंगामात एकच पीक, म्हणून जुन्या चित्रांत मोठाले एकरंगी तुकडे दिसतात. आता विहिरी आणि ठिबकमुळे तेच रान ठिगळांचं झालंय. त्यामुळे गूगल अर्थ प्रोमधलं घड्याळाचं बटण दाबून मिळेल तितकं मागे जावंच.

बांध आणि ताली (उतारावर माती अडवणारे बांध) शोधायला डिसेंबर-जानेवारीचं चित्र घ्या. सूर्य खाली असतो, हातभर उंचीचा बांधही सावली टाकतो. बुजलेला पाट पाऊस सरल्यावर दिसतो: भरावाची खोल माती ओल धरते, पीक तिथे उशिरा पिवळं पडतं. गाडलेल्या दगडी बांधावर उलट, ते आधी सुकतं.

जुन्या ताली म्हणून सर्वाधिक फसवतात ते डोंगरउतारावरचे सलग समतल चर, म्हणजे पाणी-माती अडवायला एकाच पातळीवर खणलेले लांब चर. त्यांचं अंतर एकसारखं, रेषा अखंड. जुन्या ताली वेड्यावाकड्या, कमी-जास्त रुंदीच्या, बहुधा ओघळात आडव्या. पाइपलाइनचा चर मात्र चढ-उतार न जुमानता विहिरीपासून सरळ निघतो.