भरल मागे सरतो तेव्हा

हिमाचल प्रदेशातल्या स्पितीत, 4,200 मीटरच्या आसपास वसलेल्या किब्बर गावाच्या वरच्या अंगाला, एकाच उतारावर पाळीव याक आणि भरल, म्हणजे हिमालयातले मेंढीसारखे रानटी जनावर, चरताना दिसतात. कोणी कोणाला शिंग लावत नाही, हुसकावत नाही, आणि दोघांचे गुण्यागोविंदाने चालले आहे असेच पाहणाऱ्याला वाटते. मला मात्र हे दृश्य अस्वस्थ करते, कारण रानातले चरणारे जनावर सहसा गुरांशी भांडत नाही. ते मुकाट्याने मागे सरते, आणि त्याचा फटका पुढे हिवाळ्यात बसतो.

लडाखमधल्या ग्या-मिरू अभयारण्यात अर्गाली या रानमेंढ्यांचे असेच निरीक्षण झाले आहे. पाळीव कळप आल्यावर त्यांनी मुलूख सोडला नाही. पण चांगल्या चाऱ्याच्या जागा सोडून त्या कड्यांलगतच्या उभ्या उतारांवर गेल्या आणि त्यांचा चरण्याचा वेळही घटला.

भरलाच्या बाबतीत बदल थेट पोटापर्यंत पोहोचतो. तो मुळात गवतावर जगणारा. जिथे गुरे कमी, तिथे थंडीतही त्याला बऱ्यापैकी गवत मिळते. जिथे ती जास्त, तिथे बर्फ पडेपर्यंत गवत बुडख्यापर्यंत खाऊन झालेले असते, आणि मग त्याला झुडपे व इतर वनस्पतींवर भागवावे लागते. नेमक्या याच महिन्यांत माद्या गाभण असतात. वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पितीत केलेल्या व 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुरांची घनता सुमारे 30 टक्के जास्त असलेल्या कुरणात भरलांची घनता 63 टक्के कमी आढळली, आणि दर मादीमागे पिल्लेही कमी होती. म्हणून कुरणावर भरल दिसतात की नाही, यापेक्षा त्यांच्या कळपात पिल्ले किती आहेत, हे मोजणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

किब्बरच्या गावकऱ्यांनी 1998 मध्ये मोबदल्याच्या करारावर सुमारे 500 हेक्टर कुरण गुरांसाठी बंद केले आणि राखणीला गावातलेच तरुण नेमले. पुढच्या काही वर्षांत तिथले भरल जवळजवळ चौपट झाले. परंतु भरल वाढले की त्यांच्यावर जगणारा हिमबिबट्याही वाढतो, आणि तो गावाची गुरेही मारतो; त्यामुळे ज्यांनी स्वतःचे कुरण सोडले त्यांच्याच गोठ्याला झळ लागू नये म्हणून तिथे गुरांचा विमाही सुरू करावा लागला, आणि राखीव कुरणाइतकाच तो आवश्यक आहे असे माझे मत आहे.