एन बरोबर चार

गुरुवारी सकाळी अकराला पाहुण्यांचा फोन आला. घसा इतका बसला होता, की ते काय सांगतायत हे कळायलाच दोन मिनिटं गेली. दुपारी साडेतीनला आमच्या विभागात त्यांचं व्याख्यान होतं आणि ते येऊ शकणार नव्हते.

हा सेमिनार मी तीन वर्षं चालवतेय. दर गुरुवारी, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या वर्गात, विषय कॉम्बिनेटोरिक्स आणि ग्राफ थिअरी. येणारे दहा-बारा जण. त्यात पीएचडी करणारे चौघं, एमएस्सीची काही मुलं (चार वाजता चहा-बिस्किटं येतात हे त्यांना पक्कं ठाऊक असतं), शेजारच्या कॉलेजातले एखाद-दोन प्राध्यापक आणि पहिल्या बाकावर आमचे निवृत्त विभागप्रमुख. सर पंच्याहत्तरी ओलांडलेले आहेत. दहाव्या मिनिटाला त्यांचे डोळे मिटतात. झोपलेत की ऐकतायत, हे अजून कुणाला कळलेलं नाही.

रद्द करावं, तर नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीत एक फोटो कमी पडणार. म्हटलं, मीच बोलते.

पीएचडीच्या काळातली वही काढली. त्यात एक गोंडस सिद्धता होती, फळ्यावर चाळीस मिनिटांत बसणारी. गोष्ट बुद्धिबळाच्या पटाची. पट कितीही मोठा घ्या, एन गुणिले एन घरांचा. ग्राफ म्हणजे नुसते बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा; इथे प्रत्येक घर म्हणजे ग्राफचा एक बिंदू. त्या घरातला हत्ती एका चालीत जिथे जिथे पोचतो, ती त्याची शेजारी घरं. चार बाय चारचा पट घेतला तर एकूण घरं १६. प्रत्येकाला शेजारी ६, तीन आडवे आणि तीन उभे. शेजारी असलेल्या कुठल्याही दोन घरांचे सामाईक शेजारी २. शेजारी नसलेल्या दोन घरांचेही सामाईक शेजारी २. पट बदलला की आकडे बदलतात, पण नियम तोच राहतो.

आता प्रश्न उलटा करायचा. पट बाजूला ठेवा, फक्त हे चार आकडे हातात घ्या. हे आकडे पाळणारा ग्राफ हत्तीचाच असतो का? फळ्यावर मी लिहिलं: हो, प्रत्येक एनसाठी.

सिद्धतेची पहिली पायरी अशी. कुठलाही एक बिंदू घ्या, त्याचे सगळे शेजारी वेगळे काढा. ते आपोआप दोन गटांत पडतात, एक आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा, आणि गटातला प्रत्येक जण गटातल्या बाकी सगळ्यांशी जोडलेला असतो. "हे उघडच आहे," असं म्हणून मी पुढे गेले. पुढचा भाग मजेचा होता आणि मला तिथे पोचायची घाई होती.

चहा आला. कप वाटले जात असताना शेवटच्या बाकावरून हात वर झाला. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, रोज तालुक्याच्या गावाहून एसटीने येणारा. वर्षभरात मी त्याचा आवाज हजेरीपलीकडे ऐकला नव्हता.

"मॅडम, एन बरोबर चार घेतलं तर सहा शेजारी येतात ना? आणि त्या सहांतला प्रत्येक जण त्या सहांतल्या दोघांशीच जोडलेला."

"बरोबर."

"मग ते तीन-तीनचे दोन त्रिकोणच कशावरून? सहा जण हात धरून एकच रिंगण करून उभे राहिले, तरी प्रत्येकाच्या हातात दोघांचेच हात असतात."

मी हसून फळ्याकडे वळले. अशा शंकांना एका ओळीचं उत्तर असतं. रिंगण धरलं की कुठेतरी विसंगती निघणार, हे मला दिसतच होतं. मी रिंगण काढलं, सहाही बिंदूंना नावं दिली आणि विसंगती शोधायला लागले. पाच मिनिटं गेली, मग दहा. एन बरोबर तीन असता तर चारच शेजारी, प्रत्येक जण एकाशी जोडलेला, म्हणजे दोन जोड्या. तिथे शंकेला जागाच नाही. चारला मात्र काही केल्या रिंगण मोडेना. हातातल्या कपात साय धरली होती.

"आयगनव्हॅल्यू काढू," मी म्हटलं. असं अडलं की माझा हात सवयीने तिकडेच जातो. ग्राफचं मॅट्रिक्स, म्हणजे कोणता बिंदू कुणाशी जोडलाय याचा शून्य-एकचा तक्ता, मांडायचं आणि त्याच्या आयगनव्हॅल्यूंनी, म्हणजे त्या तक्त्यातून निघणाऱ्या ठरावीक संख्यांनी, हा ग्राफ हत्तीचा आहे की नाही हे सांगावं, अशी आशा. आल्या त्या अशा: ६ एकदा, २ सहा वेळा, उणे २ नऊ वेळा. हत्तीच्या ग्राफला येतात त्याच.

पहिल्या बाकावरून डोळे न उघडता आवाज आला, "अगं, त्या तुझ्या चार आकड्यांतूनच निघतात. त्या काय वेगळं सांगणार?"

सर जागे होते तर. आणि म्हणणं खरं होतं. जे चार आकडे दोन्हीकडे सारखे, त्यांतूनच निघणारी गोष्ट दोघांना वेगळं कसं करणार? हे मी दरवर्षी एमएस्सीच्या वर्गात शिकवते.

तेवढ्यात तो मुलगा जागेवरून उठला होता. "मॅडम, रिंगण असेल तर प्रत्येक बिंदूभोवती षटकोन झाला. म्हणजे प्रत्येक बिंदूवर सहा त्रिकोण मिळतात. ही त्रिकोणी जाळी झाली ना?"

खडू मी त्याच्या हातात दिला. खरं सांगायचं तर हातातून सुटला.

त्याने चार बाय चार ठिपके काढले, रांगोळीला काढतात तसे. आडव्या रेघा, उभ्या रेघा आणि प्रत्येक चौकटीत एकाच दिशेने एक तिरकी रेघ. मधल्या ठिपक्यांना सहा-सहा शेजारी आले, कडेच्यांना कमी पडले. "कडा नाहीतच असं धरायचं," तो म्हणाला. "जुन्या मोबाइलवर सापाचा गेम होता ना, उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येणारा. तसंच वर-खालीही." आता सोळाच्या सोळा ठिपके सारखे झाले. एका ठिपक्यापुरतं तपासलं की सगळ्यांचं झालं.

तपासणी सगळ्या वर्गाने केली. सहा शेजारी: बरोबर षटकोन. उरलेले नऊ ठिपके चौघा पीएचडीवाल्यांनी वाटून घेतले आणि एकेकाचे सामाईक शेजारी मोजले. दोन. दोन. दोन. नववा माझ्या वाट्याला आला, तिरक्या रेषेवरचा सर्वांत दूरचा. त्याचेही दोनच. कडेला कुणीतरी हिशेब मांडला: बिंदू १६, रेघा ४८, त्रिकोण ३२. सोळातून अठ्ठेचाळीस वजा, बत्तीस मिळवले, शून्य, मधे एक भोक असलेल्या पृष्ठभागाला येतो तोच आकडा. म्हणजे हा सगळा पसारा मेदूवड्याच्या पृष्ठभागावर बिनचूक बसतो, एकही रेघ दुसरीला न छेदता. हत्तीच्या ग्राफमध्ये एका बिंदूभोवती दोन सुटे त्रिकोण, इथे एक अख्खं रिंगण. चारही आकडे तेच, ग्राफ दोन.

फळ्याच्या डोक्यावर माझ्याच अक्षरात "प्रत्येक एनसाठी" तसंच होतं.

आता सरांनी डोळे उघडले. "हा श्रीखंड्यांचा ग्राफ," ते म्हणाले. मग उभे राहिले, आणि सेमिनार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे, जन्म १९१७, पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख. १९५९ साली त्यांनी हाच प्रश्न निकालात काढला होता: आकड्यांवरून हत्तीचा ग्राफ ओळखता येतो, अपवाद फक्त एन बरोबर चार, आणि त्या एका ठिकाणी दुसराही एक ग्राफ आहे. तो शोधनिबंध छापला गेला संख्याशास्त्राच्या नियतकालिकात, कारण हे सगळं गणित प्रयोगांची आखणी कशी करावी या विचारातून वाढलं होतं. त्याच साली आर. सी. बोस, ई. टी. पार्कर आणि श्रीखंडे यांनी थोर गणिती ऑयलरचा १७८२ सालचा अंदाज मोडून काढला. सहा पलटणी, सहा हुद्दे, प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एक असे ३६ अधिकारी सहा बाय सहाच्या चौकोनात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल. हे जमत नाही, आणि दहा, चौदा, अठरा अशा आकारांनाही जमणार नाही, असा ऑयलरचा कयास. सहाच्या बाबतीत तो खरा ठरला. दहापासून पुढे साफ चुकला. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी पहिल्या पानावर घेतली होती. "आणि आपण इथे चहा पितोय," सर म्हणाले. याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

श्रीखंडे ग्राफ मला माहीत नव्हता असं नाही. नाव माहीत, चित्र माहीत. परीक्षेत विचारलं असतं तर चारही आकडे धडाधड सांगितले असते. पण माझ्या डोक्यात तो एका कप्प्यात होता आणि ही सिद्धता दुसऱ्या. पाचपासून पुढे माझे दोन गट खरेच पडतात, पण ते उघड नाही, सिद्ध करावं लागतं. माझ्या वहीत ती पायरी नव्हतीच. आठ वर्षांपूर्वीही मी तिथे "उघड आहे" असंच लिहून ठेवलं होतं.

त्या मुलाची पाच चाळीसची एसटी गेली. पुढची सव्वासातला. मी त्याला कँटीनमध्ये नेलं, वडापाव मागवला आणि विचारलं, हे आधी कुठे वाचलं होतंस का. नाही म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "मॅडम, चहा येईपर्यंत काही सुचत नव्हतं म्हणून लहान एन घालून बघत बसलो होतो."

परत येऊन वर्ग बंद करायला गेले. दाराला आमच्या सेमिनारचं पोस्टर लावलेलं असतं; वेळ, वार आणि मध्यभागी एक देखणी नक्षी, आठ बिंदू बाहेरच्या वर्तुळावर, आठ आतल्या. तीन वर्षांपूर्वी मीच निवडली होती, छान दिसते म्हणून. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी एका बिंदूवर बोट ठेवलं आणि त्याचे सहा शेजारी मोजून पाहिले. रिंगण होतं.