माझा अनुभव: चौकातली सभा आणि एका शिक्क्यासाठी पाच खेपा

आमच्या वस्तीला लागून असलेल्या एकुलत्या एक मैदानावर वाहनतळ करण्याचा प्रस्ताव 2024 मध्ये पुढे आला. त्याविरुद्ध रविवारी सकाळी 9 ते 11 या वेळेत मैदानासमोरच्या चौकात छोटी सभा घ्यावी आणि सह्या गोळा कराव्यात, असे आम्ही पंचवीस-तीस जणांनी ठरवले. सभा झाली, सह्याही मिळाल्या. परंतु त्याआधी पोलीस ठाण्यात जे दिवस वाया गेले, त्यांची चीड अजून मनातून गेलेली नाही.

त्या वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(3) खालील मनाई आदेश लागू होता, म्हणून जमण्यासाठी परवानगी आवश्यक होती. अर्ज लिहायला अर्धा तास पुरला. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदारांनी तो वाचून ‘गोपनीयच्या (ठाण्याच्या गोपनीय माहिती शाखेच्या) हवालदारांकडे द्या’ असे सांगितले, आणि हवालदार बंदोबस्तावर होते. दुसऱ्या दिवशी ते भेटले. त्यांनी अर्ज ठेवून घेतला, पण माझ्या प्रतीवर पोच देण्यास नकार दिला. तिसऱ्या दिवशी उत्तर मिळाले, तेही तोंडी: “मॅडम, चौकात गर्दी होते, परवानगी मिळणार नाही.” हेच लेखी द्या, असे मी म्हटले, तर “लेखी कशाला? सांगितलं ना,” एवढेच ऐकायला मिळाले. चौथ्या खेपेला शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि साहेब बाहेर गेले आहेत, असे कारण पुढे आले.

मी लेखी नकारासाठी का अडून बसले, ते सांगणे आवश्यक आहे. लेखी नकाराला क्रमांक असतो, तारीख असते, कारण असते. तो घेऊन वरिष्ठांकडे जाता येते आणि वेळ आलीच तर अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयातही दाद मागता येते. तोंडी नकार मात्र दुसऱ्या दिवशी कोणीही नाकारू शकतो. संविधानाचे अनुच्छेद 19(1)(क) भाषणस्वातंत्र्य देते आणि 19(1)(ख) शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, हेही मला मान्य आहे. पण निर्बंध वाजवी आहे की नाही, हे तो कागदावर आल्याशिवाय तपासायचे कसे?

चौथ्या खेपेनंतर घरी येऊन मी सर्वोच्च न्यायालयाचा 1972 चा हिमतलाल शहा खटल्यातील निकाल वाचून काढला. अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांविरुद्धचे ते प्रकरण याच अधिनियमाखालील नियमांवरचे आहे. सार्वजनिक रस्त्यांवरील सभांचे नियमन शासन करू शकते, पण त्या सरसकट बंद करू शकत नाही, असे न्यायालयाने त्यात सांगितले. आणि कोणतेही निकष न देता परवानगी नाकारण्याची मोकळीक अधिकाऱ्याला देणारा नियम रद्दही केला. मी अर्ज नव्याने लिहिला, त्यात या निकालाचा उल्लेख केला आणि शेवटी एक वाक्य जोडले: “परवानगी नाकारावयाची असल्यास कृपया कारणांसह लेखी कळवावे.” एक प्रत स्पीड पोस्टाने आणि एक ईमेलने वरिष्ठ कार्यालयाला पाठवली आणि पाचव्यांदा ठाण्यात गेले.

हवालदारांनी ते वाक्य बोट ठेवून दोनदा वाचले, आत जाऊन आले आणि टेबलाच्या खणातून तारखेचा शिक्का काढला. नखाने तारीख फिरवून जुळवली, कोरड्या पडलेल्या शाईच्या गादीवर तो दोन-तीनदा दाबला आणि माझ्या प्रतीच्या कोपऱ्यात उमटवून खाली आवक क्रमांक लिहिला. हाच खण त्यांनी आधीच्या प्रत्येक भेटीत पेन काढण्यासाठी माझ्यासमोर उघडला होता. तिसऱ्या दिवशी अटींसह परवानगी हातात आली.

येथे आठवले म्हणून लिहिते: ध्वनिक्षेपक वापरणार नसाल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा, कारण त्यासाठी वेगळी लेखी परवानगी लागते. कलम 37(3) चा आदेश राज्य शासनाच्या मंजुरीशिवाय 15 दिवसांपलीकडे चालत नाही, त्यामुळे ताज्या आदेशाची तारीखही आधी पाहून ठेवा.

दरम्यान आम्ही एका मॉलच्या आवारात पत्रके वाटून पाहिली. “मॅडम, खासगी जागा आहे,” असे सुरक्षारक्षकाने सांगताच आम्ही बाहेर आलो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या कौशल किशोर निकालात बहुमताने अनुच्छेद 19 आणि 21 मधील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात असे म्हटले आहे, तरी मालकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या आवारात प्रचार करण्याची मुभा त्यातून मिळते, असे मला वाटत नाही. सरकारी जागा म्हणजे आपोआप सभेची जागा, असेही नाही. रेल्वेच्या आवारातील सभांबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्येच ते सांगितले होते.

समाजमाध्यमावरची आमची पोस्ट ‘स्पॅम’ ठरवून काढली गेली, तेव्हा मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार केली. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार त्या वेळी 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय अपेक्षित होता. पोच त्याच दिवशी, तक्रार क्रमांकासह आली. नकार बाराव्या दिवशी आला. त्यावर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. ते मी केले, आणि त्याचा निकाल लागण्याआधीच कंपनीने पोस्ट परत दिसू दिली. तोवर सभा होऊन गेली होती, याचे वाईट वाटले. पण प्रत्येक टप्प्याची तारीख माझ्याकडे लेखी होती, आणि ठाण्यात मी तेवढेच मागत होते.

सभेच्या दिवशी दोन वेळा परवानगी दाखवावी लागली. दोन्ही वेळा प्रत जवळ होती, म्हणून बोलणे थांबले नाही. पुढच्या आठवड्यात सह्यांचा गठ्ठा महापालिकेच्या आवक-जावक खिडकीवर दिला, तेव्हा माझ्या प्रतीवर शिक्का पडेपर्यंत मी तो हातातून सोडला नाही.