तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूब असताना चित्रकलेच्या क्लासला पैसे कशाला?

हे मला ऑफिसात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात. आत्याने तर सरळच विचारलं, "काऊन वं, यूट्यूबवर फुकटात भेटते ना सारं? मग पैसे कायले द्याचे?" तिला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते. सुरुवात आजीच्या पितळी गडव्यापासून करावी लागेल. (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: गडवा म्हणजे तांब्या.)

शाळेत मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. स्मरणचित्र मनापासून आवडायचं. जत्रा, बाजार, पाऊस, काय हवं ते भरता यायचं. वस्तुचित्रात मात्र मार्क जायचे. का जातात ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग शिक्षण, नोकरी, मुलगी. त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पेन्सिल हातात घेतली तेव्हा आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंचा एक कोर्स केला. सगळे व्हिडिओ पाहिले, प्रमाणपत्रही आलं, पण माझं चित्र होतं तिथेच होतं.

त्यानंतर हा ऑनलाइन क्लास लावला. मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊला, दहा जणांची बॅच, शिकवणारे सर कोल्हापूरचे. मे महिन्यात कूलरच्या आवाजामुळे मला माइक बंद ठेवूनच बसावं लागायचं. पहिला गृहपाठ होता, घरातलं कुठलंही एक भांडं. मी गडवा काढला. दोन संध्याकाळी बसून पितळेची चमक 4बी पेन्सिलने इतकी जीव लावून काढली की पाठवताना मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

सरांनी चित्र स्क्रीनवर उघडलं आणि चमकेबद्दल एक शब्द न बोलता बुडाशी लाल रेघ मारली. "मॅडम, काठ गोल काढलात, मग बूड सरळ का?" मी म्हटलं, "टेबल सपाट आहे ना सर." ते म्हणाले, "टेबल सपाट आहे हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून रेघ सरळ आली. आता गडव्याकडे बघा."

बघितलं. बूड सरळ नव्हतंच, चांगलं वाकलेलं होतं. वर्तुळ तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं, हे मला ठाऊक होतं. पण ते डोळ्याच्या पातळीपासून जितकं खाली जाईल तितकं जास्त उघडत जातं. म्हणजे गडव्याचं बूड त्याच्या तोंडापेक्षा जास्त गोल दिसायला हवं, आणि मी नेमकं उलट काढत होते, शाळेपासून. त्या रात्री स्टीलचा पेला हातात धरून कितीतरी वेळ वरखाली करत बसले. डोळ्यासमोर आला की काठाची नुसती रेघ होते, खाली नेला की तोंड उघडतं, वर नेला की काठ उलट्या बाजूला वाकतो. पुढच्या रविवारी दीक्षाभूमीला गेले तेव्हा घुमट जिथून सुरू होतो ती गोल कड डोक्याच्या वर होती, आणि ती पेल्यासारखीच, मधोमध वर उचललेली दिसत होती. इतकी वर्षं तिथे जातेय. त्या दिवशी स्तूप पहिल्यांदा नीट पाहिला असं वाटलं.

आता आत्याचा प्रश्न. लंबवर्तुळाचा हा नियम यूट्यूबवर आहे. मी तो तीन वेळा पाहिलाही होता, दर वेळी "बरोबर आहे" म्हणून मान हलवली होती. पण व्हिडिओला माझा कागद दिसत नाही. माझ्या गडव्याचं बूड चुकलंय हे तो मला सांगू शकत नाही, आणि मला तर ते दिसतच नव्हतं. मी पैसे देते ते त्या लाल रेघेचे.

तिसऱ्या आठवड्यात सरांनी प्रत्येकाकडून दहा जुनी चित्रं मागवली. माझ्या दहांपैकी नऊ चित्रांत माणसं होती आणि एकाचेही हात दिसत नव्हते. कुणाचे खिशात, कुणाचे पाठीमागे, बायकांचे पदराआड. सरांनी नऊही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि काहीच बोलले नाहीत. मला रडू आलं. हात जमत नाहीत हे माहीत होतं, पण ते लपवण्याचीच मला इतकी सवय झालीय हे माहीत नव्हतं.

मग दोन महिने फक्त हात. मधल्या बोटाच्या मुळाशी हाड जिथे वर येतं, तिथून मनगट जितकं लांब, साधारण तितकंच बोटाचं टोक. तळव्याच्या बाजूने मात्र बोटं आखूड दिसतात, कारण बोटांमधली कातडी वरपर्यंत येते. बोटांची मुळं सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. फोटोवरून काढायला बंदी होती, कारण फोनजवळचा हात फोटोत उगाच मोठा येतो.

सरावासाठी मेट्रो फार उपयोगाची. मी सुभाषनगरहून सीताबर्डीला जाते. दांडा धरून उभी असलेली माणसं म्हणजे हातच हात. एका स्टेशनपासून दुसऱ्यापर्यंत एक चित्र, दार उघडलं की पान उलटायचं. चेहरा काढायचा नाही, म्हणजे कुणाला अवघडायला होत नाही.

ऑनलाइनची अडचण आहे, ती लपवत नाही. समोरचा शिक्षक तुमची पेन्सिल धरण्याची पद्धत पाहू शकत नाही. माझ्या रेघा तुटक, केसाळ यायच्या आणि कारण कळेना. शेवटी सरांनी दुसरा फोन हाताकडे तोंड करून ठेवायला लावला. मी सगळं मनगटातून काढत होते. लांब रेघ खांद्यातून यायला हवी, आणि त्यासाठी उठून उभं राहावं लागलं. तुमचा गृहपाठ कुणी डोळ्यांनी बघणार नसेल तर तो क्लास घेऊ नका, एवढं मी कुणालाही सांगेन. आणि चित्राचा फोटो उजेडात, फोन कागदाला समांतर धरून काढा. तिरका काढलात तर फोटोच चित्र वाकडं करतो आणि सर नसलेली चूक दुरुस्त करत बसतात.

गेल्या रविवारी आई सांबार (म्हणजे कोथिंबीर) निवडत होती. मी समोर बसून तिचे हात काढले, चार कागद गेले. पाचवा तिला दाखवला. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि आपली वाकडी करंगळी चित्रातल्या करंगळीशेजारी धरली.

अंगठा मात्र चुकलाय. तो पार मनगटापासून निघतो, मी तळव्याच्या मधूनच काढला. शुक्रवारपर्यंत पुन्हा काढायचा आहे.