पाच औंसांची गाडी

शनिवार, ३१ जानेवारी. रात्रीचे साडेदहा.

गॅरेजमधला भुसा झाडून आत आलो, हात दोनदा साबणाने धुतले, तरी नखांच्या कडेला ग्राफाइटची काळी रेघ राहिलीच आहे. आज सकाळपासून शाळेच्या सभागृहात आमच्या कब स्काउट पॅकची, म्हणजे लहान मुलांच्या बालवीर गटाची, पाइनवूड डर्बी ही लाकडी गाड्यांची शर्यत होती, आणि त्याआधीचे तीन शनिवार आमचे गॅरेज हा न्यू जर्सीतला एक छोटासा सुतारवाडा झाला होता. गाडी बाहेर, हीटर आत, आणि जुन्या दाराच्या फळीवर मांडलेले सहा ठोकळे.

भारतातल्या आप्तांना फोनवर हा खेळ समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. प्रत्येक मुलाला एक खोके मिळते. त्यात पाइनच्या लाकडाचा सात इंच लांबीचा एक ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाके आणि आसांसाठी चार खिळे, एवढेच असते. त्यातून मुलाने गाडी घडवायची. वजन पाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमच्या वर जाता कामा नये आणि रुंदी चाकांसकट पावणेतीन इंचांत बसली पाहिजे. इंजिन नाही, सेल नाही. उतरत्या धावपट्टीच्या माथ्यावर गाडी ठेवायची, अडसर खाली पडला की ती सुटते, आणि हल्लीच्या ४२ फुटी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर तीन-साडेतीन सेकंदांत सगळा निकाल लागलेला असतो. शेवटच्या कमानीतले यंत्र सेकंदाचा हजारावा भाग मोजते. महिनाभराच्या खटाटोपाचे फळ इतक्या अल्पावधीत हाती पडणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही.

हा खेळ काढला डॉन मर्फी नावाच्या एका कबमास्तरांनी, म्हणजे पॅकच्या प्रमुखांनी, कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला. त्यांचा मुलगा मोठ्या मुलांच्या ‘सोप बॉक्स डर्बी’त, म्हणजे स्वतः आत बसून उतारावरून गाडी हाकण्याच्या शर्यतीत भाग घेण्याच्या वयाचा नव्हता, म्हणून त्यांनी हातात मावेल अशा गाडीची शर्यत योजली. पहिली शर्यत १५ मे १९५३ रोजी झाली. वडील आणि मुलगा यांनी शेजारी बसून काहीतरी घडवावे, हा त्यामागचा हेतू होता. हेतू उत्तमच होता, परंतु खेळाची अडचणही मला नेमकी तिथेच दिसते. ज्याच्या घरी यंत्रकरवत आणि हौशी बाप दोन्ही आहेत त्याची गाडी दुकानाच्या काचेमागे शोभावी अशी होते, आणि ज्याची आई रात्रपाळी करून सकाळी झोपते तो मुलगा तोच ठोकळा कोपरे नुसते घासून, रंग ओला असतानाच घेऊन येतो. गेल्या वर्षी अशा दोन गाड्या पट्टीच्या मध्येच थांबलेल्या मी पाहिल्या. त्या मुलांना गाडी ढकलत शेवटापर्यंत न्यावी लागली. म्हणून या वर्षीच्या बैठकीत मी हात वर केला आणि ज्यांना मदत हवी त्यांनी आमच्या गॅरेजमध्ये यावे असे सांगितले.

गॅरेजमध्ये सहा मुले आली, त्यांत दोन मुली. (कब स्काउटमध्ये मुलींना प्रवेश २०१८पासून आहे. आमच्या पॅकमध्ये त्या आता एक तृतीयांश तरी असतील.) नियम सोपा ठेवला होता. करवत आणि ड्रिल मी चालवीन, बाकी सगळे ज्याचे त्याने करायचे. नियम मीच केला आणि तो पाळणे सर्वांत जड मलाच गेले.

सर्वाधिक वेळ खिळ्यांवर गेला, आणि तो तसाच जायला हवा होता. खोक्यातल्या खिळ्याच्या डोक्याखाली साच्याची बारीक धार राहिलेली असते. बोटाने ती क्वचितच कळते, परंतु चाकाच्या भोकाला ती प्रत्येक फेऱ्याला खरवडते. खिळा ड्रिलच्या जबड्यात धरायचा, ड्रिल व्हाइसमध्ये आवळायचे, आणि मी ते हळू फिरवत असताना मुलाने आधी बारीक कानस, मग चारशे, सहाशे, हजार आणि शेवटी दोन हजार नंबरच्या पॉलिशपेपरची ओली पट्टी त्यावर धरायची. करडा खिळा आरशासारखा होत जाताना पाहून आठ वर्षांचा मुलगा जे गप्प होतो, ते शाळेत कोणाला साधत नसेल. मग चाकाच्या भोकात वंगण म्हणून ग्राफाइटची चिमूट, चाक खिळ्यावर चढवून टिचकी, आणि मोठ्याने मोजणी. पहिल्यांदा चाक सहापर्यंत फिरले. दुसऱ्या शनिवारी तेच चाक बावीसपर्यंत गेले.

वजनाचे शास्त्रही मुलांना पटकन उमगले. धावपट्टीच्या माथ्यावर गाडीचे मागचे टोक पुढच्यापेक्षा उंच असते, त्यामुळे जड भाग मागे असेल तर तो अधिक उंचीवरून खाली येतो आणि तेवढाच वेग जास्त मिळतो. म्हणून टंगस्टनचे चौकोनी तुकडे मागच्या आसाच्या आसपास बसवतात. टंगस्टन शिशापेक्षा कितीतरी घन असल्याने थोड्या जागेत पुष्कळ वजन मावते. फार मागे बसवले की मात्र पुढची चाके हलकी पडतात आणि गाडी डुलत जाते. पेन्सिल आडवी ठेवून त्यावर गाडी तोलायची, आणि तोल मागच्या आसाच्या इंचभर पुढे आला की थांबायचे. स्वयंपाकघरातला वजनकाटा तीन आठवडे गॅरेजमध्येच मुक्कामाला होता. सौभाग्यवतींनी त्याबद्दल एकच वाक्य ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या शनिवारची चूक मात्र लिहिली पाहिजे. एका मुलीने गाडीला पावाच्या लादीचा आकार दिला होता. वरच्या फुगवट्यावर तिने चाकूच्या खुणाही रंगवल्या होत्या. वेगाच्या दृष्टीने आकार वाईट नव्हता, कारण एवढ्या अंतरात हवेच्या विरोधापेक्षा आसांचे घर्षण अधिक नडते. तिची आस खाचेत तिरकी जात होती. ती सावकाश, जीभ दाताखाली धरून, पुन्हा पुन्हा काढून बसवत होती. मला दम निघाला नाही. “जरा दे,” म्हणून मी खिळा घेतला, हातोडीने हलकेच ठोकला, आणि खाचेची कड कट् आवाज करून फुटली. लाकडाचा उभा टवका माझ्या बोटांत आला. ती रडली नाही. तिने टवक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विचारले की हे तू केलेस असे माझ्या आईला सांगायचे का. सांग, म्हणालो. मग लाकूड चिकटवायचा डिंक लावून, चिमट्यात आवळून, गाडी आठवडाभर फळीवर ठेवली. डिंक तिने लावला. मी चिमटा शोधून दिला.

त्या रात्री मला सांगलीच्या आमच्या वाड्यातला दिवाळीचा किल्ला आठवला. मोठी मुले बुरूज रचायची, आम्हा लहानांना माती कालवायला आणि आळीव पेरायला ठेवायची, आणि शेवटी मावळे मांडतानाही हाताला चापट बसायची. पाहुणे आले की किल्ला ‘आम्ही’ केला असे सगळेच सांगत असत, पण त्यातला एकही बुरूज माझा नव्हता हे मला नऊव्या वर्षीही पक्के ठाऊक होते. माझ्या फळीवर मीच तो मोठा मुलगा झालो होतो. तिसऱ्या शनिवारी मी हात खिशात घालून उभा राहिलो. ही पोज फार अवघड असते, विशेषतः समोर कोणी कानस उलटी धरली असेल तेव्हा.

चिरंजीवांची कुरकूर वेगळी होती. माझी सगळी युक्ती दुसऱ्यांना सांगून टाकलीस, असे तो जेवताना दोनदा म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्याच्या गाडीच्या खिळ्यांना शेवटचा पॉलिशपेपर शुक्रवारी रात्री, वजन-तपासणीला जाण्याच्या तासभर आधी मिळाला.

तपासणीला काट्यावर कोणाच्या गाड्या जड भरल्या, कोणाचे टंगस्टन उकरून काढावे लागले, हे सारे नेहमीचेच. मग गाड्या कुलुपात गेल्या. आज चार मार्गिकांच्या पट्टीवर प्रत्येक गाडी प्रत्येक मार्गिकेतून एकेकदा धावली आणि वेळांची सरासरी धरली गेली. आमच्या सहापैकी एकही गाडी मध्येच थांबली नाही. चिरंजीव सहावे आले, पावाची लादी नववी, आणि पहिली आली ती अशी गाडी, की तिच्या रंगाच्या सफाईवरून ती नक्की कोणत्या वयाच्या माणसाने केली याचा अंदाज सभागृहातल्या प्रत्येकाला होता. काही पॅकमध्ये बाप-मंडळींसाठी वेगळी खुली शर्यत असते. आमच्याकडेही ती तातडीने सुरू करावी असे मी पॅकच्या समितीला लिहिणार आहे.

तिसऱ्या धावेत लादीचे पुढचे डावे चाक शेवटच्या गादीवर आपटून सैल झाले. ती मुलगी गाडी घेऊन दुरुस्तीच्या टेबलाशी आली, मी पुढे सरसावलो, आणि तिने कोपराने मला हळूच बाजूला केले. तिला डिंकाची बाटली हवी होती. मी ती उघडून दिली आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. तिच्या पुढच्या धावेला चार मिनिटे होती.