आमची वाटचाल : फोटो कोणाचा, बटण कोणाच्या हातात?

आमची कंपनी सुरू झाली ती दुरुस्तीच्या टेबलावर. जंगलात लावलेला ट्रॅप कॅमेरा (समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारा) बंद पडला की तो बनवणाऱ्यांकडे परत पाठवायचा, आणि तो येईपर्यंत हंगाम हातचा जायचा. म्हणून अभ्यासकांनी ते कॅमेरे आमच्याकडे आणायला सुरुवात केली. उघडले की आत बहुधा तेच ते निघायचं: हिरवट पडलेले बॅटरीचे पॉइंट, कडक झालेलं रबरी सील आणि सर्किट बोर्डावर मुंग्यांचा संसार. माहितीपत्रकात ‘सर्व हवामानांसाठी’ असं ठळक छापलेलं असतं. ते छापणाऱ्याने पावसाळ्यातलं जंगल पाहिलेलं नसावं, एवढं आम्हाला पहिल्याच वर्षी कळलं.

दुरुस्ती करता करता यंत्राची नाडी सापडली. बहुतेक ट्रॅप कॅमेऱ्यांतला सेन्सर प्राणी ओळखत नाही. समोर भोवतालापेक्षा कमीजास्त उष्ण असं काही हललं की तो फोटो काढायला लावतो. त्यामुळे तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं तरी फोटो निघतो, आणि भर उन्हाळ्यात दुपारी हवाच अंगाएवढी तापली की समोरून गेलेलं जनावर सुटतं. कार्डात फोटो ढीगभर, कामाचे त्यात थोडे. भारतातल्या 2018-19 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते. 3 कोटी 48 लाखांवर फोटो निघाले आणि त्यात वाघाचे होते 76,651. एवढं डोळ्यांनी कोण निवडणार? मेगाडिटेक्टर नावाचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं खुलं, म्हणजे कोणालाही वापरता येणारं मॉडेल हेच काम करतं. फोटोत प्राणी आहे, माणूस आहे की वाहन, एवढंच ते सांगतं आणि रिकामे फोटो बाजूला टाकतं. प्रजाती ठरवायचं काम माणसाकडे किंवा दुसऱ्या मॉडेलकडे राहतं. त्याच्या आधाराने आम्ही छोट्या संस्थांसाठी, साध्या लॅपटॉपवर आणि इंटरनेटशिवाय चालणारं सॉफ्टवेअर बांधलं. दुरुस्तीच्या दुकानाची कंपनी झाली ती इथे.

गोम होती ती ‘माणूस’ या फोल्डरमध्ये. गिऱ्हाईक प्राण्यांचे फोटो मागतं, ते आपण देतो, पैसे घेतो. माणसांचे फोटो मात्र हार्डडिस्कवर तसेच पडून राहतात. लाकूडफाटा वेचणाऱ्या बायका, गुराखी, आडोसा बघून बसलेलं कुणी. यातल्या एकालाही कोणी विचारलेलं नसतं. केंब्रिज विद्यापीठातल्या एका संशोधकाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात 270 जणांशी बोलून 2024 मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. तिथल्या बायकांना जंगल म्हणजे सरपणाची जागा, आणि घरच्या कटकटीपासून चार घटका सुटकेचीही. कॅमेरे आल्यावर त्या दबून वागू लागल्या, मोठ्याने गाणं-बोलणं कमी झालं. जंगलात आवाज करत चालायचं ते जनावर अवचित समोर येऊ नये म्हणून. म्हणजे वाघ वाचवायला लावलेल्या यंत्राने बाईचा धोका वाढवला. एका बाईचा नको त्या अवस्थेतला फोटो तर गावातल्या पोरांच्या मोबाइलवर फिरला आणि चिडलेल्या लोकांनी कॅमेरे फोडले.

आमचा नियम यातून ठरला. कार्ड लॅपटॉपला लावलं की माणूस असलेला फोटो कोणाच्याही नजरेला पडण्याआधी सॉफ्टवेअर तो पुसतं. ‘इतक्या वाजता मनुष्य’ एवढीच नोंद राहते. हे बंद करायचं बटण आम्ही दिलेलंच नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाला ते हवं होतं. त्यांचं म्हणणं, शिकारीही माणूसच, तो सुटेल. मुद्दा खोटा नव्हता. पण शिकाऱ्यासाठी कॅमेरा लावायचा तर तो वेगळा लावा, त्याची परवानगी वेगळी घ्या, ते फोटो कोण बघणार ते लेखी ठरवा. मोजणीच्या नावाखाली पाळत नको, असं आम्ही कळवलं. ऑर्डर गेली. खेळतं भांडवल बेताचं असताना ती जाणं काय असतं, ते छोटा धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

दुसरं काम इशारा देणाऱ्या दिव्यांचं. प्राणी वाढले ही चांगलीच गोष्ट. भारतात वाघांचा अंदाज 2006 मध्ये 1,411 होता, तो 2022 मध्ये 3,682 वर गेला. आनंद सगळ्यांचा, पण त्याची किंमत मोजतात जंगलाच्या कडेला राहणारे. तमिळनाडूतल्या वालपराईच्या चहामळ्यांत हत्तींमुळे झालेले बहुतेक मृत्यू हत्ती जवळ आहे हे माहीतच नसल्यामुळे झाले होते. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने तिथे मोबाइलवर संदेश पाठवायला सुरुवात केली आणि उंच जागी लाल दिवे बसवले. हत्ती आसपास असले की फोनवरून दिवा लावायचा. ना कॅमेरा, ना कृत्रिम बुद्धिमत्ता. पुढे दिवे लावायचं काम तिथल्याच लोकांनी हाती घेतलं, आणि मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आमच्या दिव्याचं बटणही आम्ही गावातल्या माणसाच्या हाती देतो. सेन्सर आपोआप दिवा लावू शकतो, पण गाय गेली, डुक्कर गेलं तरी तो लागतो. चार वेळा फुकट लागलेल्या दिव्याकडे पाचव्यांदा कोणी मान वर करून बघत नाही. त्यामुळे सेन्सर फक्त त्या माणसाला फोन करतो आणि दिवा लावायचा की नाही ते तो ठरवतो.

तिसरं काम जंगलातल्या ठशा-खुणांची नोंद करायच्या मोबाइल अ‍ॅपचं. त्याची कल्पना आमची नाही. दक्षिण आफ्रिकेच्या लुई लीबेनबर्ग यांनी 1990 च्या दशकात सायबरट्रॅकर हे नोंदी टिपायचं सॉफ्टवेअर उभं केलं ते माग काढणाऱ्या जाणत्यांसाठी. त्यातल्या अनेकांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून पडद्यावर अक्षरांऐवजी चित्रं. आमच्या डिझायनरने तशीच चित्रं काढून एका जाणत्या मामांपुढे ठेवली. बिबट्याचा ठसा, अस्वलाचा ठसा, विष्ठा, ओरखडे. मामांनी सगळी बघितली आणि म्हणाले, “पोरी, कोणाचा ते झालं. कधीचा, ते कुठं दाबू?” मग त्यांनीच मातीत बोट रुतवून दाखवलं: ताज्याची कड धारदार, दवाने ती मऊ पडते, उन्हाने ढासळते. त्या तीन अवस्थांची तीन चित्रं अ‍ॅपमध्ये आहेत. माझ्या मते आमच्या सगळ्या मालात तेवढाच भाग कोणाला नक्कल करून जमणार नाही. अहवालात अशा जाणत्यांची नावं ‘स्थानिक मदतनीस’ या दोन शब्दांत गुंडाळली जातात. आम्ही करारात लिहून घेतो की नोंद करणाऱ्याला मजुरी दिवसावर मिळेल (नोंदींच्या आकड्यावर दिली की आकडे फुगतात), त्याची इच्छा असेल तर नाव छापलं जाईल आणि माहितीची एक प्रत ग्रामसभेकडे राहील. आदिवासी समाजांच्या माहितीवर अधिकार कोणाचा, याबद्दल 2019 मध्ये ‘केअर’ नावाची चार तत्त्वं मांडली गेली. सामूहिक लाभ, नियंत्रणाचा अधिकार, जबाबदारी आणि नीती. आमच्या करारातली कलमं त्यांवरूनच घेतली आहेत.

बिलं अजूनही उशिरा येतात. दुरुस्तीवर घर चालायचं, तीही आता कमी होत चालली आहे आणि ती आम्हीच कमी केली. आमच्या दिव्याच्या नव्या डब्याला साधा स्क्रू-ड्रायव्हर चालतो, सील बाजारात मिळणाऱ्या मापाचं आहे आणि बोर्ड तीन तुकड्यांत निघतो. ज्या गावांत आमचे दिवे आहेत तिथली पोरंपोरी हे काम शिकली आहेत, आणि शेजारच्या प्रकल्पांतले कॅमेरेही आता थेट त्यांच्याकडेच जातात. आमच्याकडून ते फक्त सुटे भाग घेतात, तेही घासाघीस करून.